सामायिक विहिरीचं पाणी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



सोमवार, ९ ऑगस्ट १९६५. सकाळचे दहा वाजले होते. सिंगापूरच्या रेडिओवर गाणी चालू होती. ती मध्येच थांबली आणि निवेदकानं एक जाहीरनामा वाचून दाखवला. मोजून नव्वद शब्दांचा. त्यातून लोकांना कळलं, की काल रात्री आपण मलेशियाचे नागरिक म्हणून झोपलो आणि आज सकाळी उठलो ते वेगळ्याच देशात. सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं होतं. कुणाला मत विचारलं नव्हतं, सभागृहात चर्चा नव्हती, वर्तमानपत्रात आदल्या दिवशी अवाक्षर नव्हतं. तुम्ही आत्ता ज्या यंत्राला कान लावून बसला आहात, तशाच एका यंत्रातून एक देश जन्माला आला.

मी इतिहासाचा माणूस नाही. पाणीपुरवठ्याच्या कामांवर इंजिनिअर म्हणून माझी सारी नोकरी गेली. माझी मुलगी २००३ साली नोकरीनिमित्त सिंगापूरला गेली आणि पुढच्या वर्षी आम्ही नवराबायको तिच्याकडे दोन महिने राहून आलो. सगळ्या मराठी आईबापांसारखे आम्हीही रस्त्यांची स्वच्छता पाहून भारावलो, इमारती मोजल्या. त्या काळात आपल्याकडे मुंबईचं सिंगापूर करण्याच्या घोषणा चालल्या होत्या, त्यामुळे मूळ सिंगापूर पाहण्याची उत्सुकता होतीच.

एका रविवारी जावयानं आम्हाला पलीकडच्या जोहोर बारूला नेलं. सिंगापूर बेट आणि मलेशिया यांच्यामध्ये एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर १९२० च्या दशकात बांधलेला साधारण एक किलोमीटरचा भराव आहे. त्याला तिथं कॉजवे म्हणतात. बसच्या खिडकीतून बायको समुद्र पाहत होती. मी मात्र रस्त्याच्या कडेनं चाललेले जाडजूड नळ पाहत होतो. जन्मभर जे काम केलं ते डोळ्यांपुढून हलत नाही. मी जावयाला विचारलं, ‘‘हे पाणी कुठून कुठं जातं?’’ तो म्हणाला, ‘‘बाबा, कच्चं पाणी मलेशियातून सिंगापूरला येतं आणि त्यातलं थोडं शुद्ध होऊन परत मलेशियाला जातं.’’

दोन वेगळे देश. चाळीस वर्षांपूर्वीच वेगळे झालेले. आणि पाणी एकत्र. मला आमची गावची विहीर आठवली. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

आधी हे दोघे एकत्र का आले ते पाहू. सिंगापूर ब्रिटिशांचं बंदर. मागं जमीन नाही, पिण्याचं पाणी पुरेसं नाही, बाजारपेठ नाही. ली कुआन यू आणि त्यांच्या पक्षाचं ठाम मत होतं, की हे बेट एकटं जगूच शकत नाही, त्यानं मलायात सामील व्हायला हवं. मलायाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान आधी तयार नव्हते. सिंगापुरात चिनी वंशाचे लोक सुमारे तीन चतुर्थांश. ते आले की साऱ्या देशात मलाय लोकांचं संख्याबळ घटणार. पण सिंगापूर कम्युनिस्टांच्या हाती जाईल ही धास्ती त्याहून मोठी ठरली. समतोल राखायला बोर्निओ बेटावरचे सबा आणि सारावाक हे प्रदेशही बरोबर घेतले आणि १६ सप्टेंबर १९६३ रोजी मलेशिया नावाचा देश झाला.

त्याआधी सिंगापुरात सार्वमत झालं होतं, १ सप्टेंबर १९६२ ला. त्याची मतपत्रिका मोठी गमतीची होती. तिच्यात सामील होण्याचे तीन प्रकार दिले होते. ‘सामील व्हायचं नाही’ हा पर्यायच नव्हता! विरोधकांनी लोकांना कोरी मतपत्रिका टाकायला सांगितलं आणि चौथ्या हिश्श्याएवढ्या लोकांनी ती तशी टाकलीही. तरी सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी सरकारला हवा तोच पर्याय उचलला. म्हणजे आत जाताना लोकांना अर्धवट विचारलं आणि बाहेर पडताना मुळीच विचारलं नाही.

संसार तेवीस महिने टिकला. का मोडला याचं उत्तर कॉजवेच्या कुठल्या टोकाला उभं राहून विचारता त्यावर अवलंबून आहे. सिंगापूरचं म्हणणं, आम्ही आमच्या महसुलातला ४० टक्के वाटा केंद्राला द्यायचं कबूल केलं, बदल्यात सामायिक बाजारपेठ मिळणार होती, ती मिळाली नाही. शिवाय मलाय लोकांना घटनेनं खास हक्क आणि बाकीचे दुय्यम, हे आम्हाला मान्य नाही. देश सर्व मलेशियनांचा हवा. क्वालालंपूरचं म्हणणं, तुम्हाला शिक्षण आणि कामगार ही खाती स्वतःकडे हवी होती म्हणून तुम्ही १५९ पैकी १५ जागांवर राजी झालात. मग १९६४ च्या निवडणुकीत आमच्या अंगणात उमेदवार उभे करायचं कारण काय? मलाय शेतकरी आणि कोळी गरीब, व्यापार सगळा चिनी लोकांच्या हाती. अशा देशात ‘सगळे समान’ ही घोषणा कुणाच्या सोयीची आहे?

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना फक्त पहिली बाजू सांगितली जाते. मीही बरीच वर्षं तशीच सांगत होतो. पण दुसरी बाजूही अगदी टाकाऊ नाही, असं माझं मत झालं आहे.

वाद कागदावर राहिला नाही. जुलै १९६४ मध्ये पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, २३ माणसं गेली. सप्टेंबरमध्ये पुन्हा पेटली, आणखी १३ गेली. आपल्या देशात हे आकडे ऐकून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत, पण त्या लहानशा बेटावर माणसं आपल्याच गल्लीतून जायला घाबरू लागली. त्यातच इंडोनेशियानं मलेशियाशी छुपं युद्ध मांडलेलं. मार्च १९६५ मध्ये सिंगापूरच्या एका बँकेच्या इमारतीत बाँब फुटून तीन माणसं मारली गेली. तुंकूंच्या पक्षातले जहाल लोक लींना तुरुंगात टाका म्हणू लागले.

जून-जुलैमध्ये तुंकू लंडनच्या रुग्णालयात होते. त्यांना नागीण झाली होती. ज्यांना ती झाली असेल त्यांना ठाऊक आहे, रात्र रात्र डोळा लागत नाही. त्या अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचा निर्णय झाला, की याला आता वेगळं केलेलं बरं. लींना अटक करणं हा दुसरा मार्ग होता आणि तो सत्तेवरच्या माणसाला सोपा असतो. तुंकूंनी तो धरला नाही. सिंगापूरच्या यशाचे पोवाडे गाताना या माणसाचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. १९४७ ची फाळणी आपल्या पिढीनं वडिलांच्या तोंडून ऐकली आहे. देश मोडताना रक्त सांडलं नाही ही किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला तरी कळायला हवं.

प्रत्यक्ष बोलणी दोन माणसांत झाली. मलेशियाकडून उपपंतप्रधान अब्दुल रझाक, सिंगापूरकडून अर्थमंत्री गोह केंग स्वी. ‘सिंगापूरला हाकलून दिलं’ असं सर्रास सांगितलं जातं. पण गोह यांनी त्या काळात एक फाइल ठेवली होती. तिच्यावर त्यांनी नाव घातलं होतं ‘अल्बट्रॉस’. इंग्रजी कवितेतल्या खलाशाच्या गळ्यात बांधलेला तो मेलेला पक्षी. आपल्या भाषेत लोढणं. मलेशियाचं लोढणं गळ्यातून काढा, असा त्याचा अर्थ. लींनी त्यांना सैलसर संघराज्याची व्यवस्था होते का पाहा असं सांगितलं होतं. गोह यांना मात्र पूर्ण फारकत हाच उपाय वाटत होता. तेव्हा हाकललं म्हणा किंवा निघाले म्हणा, दार दोन्ही बाजूंनी ढकललं गेलं होतं.

हे गोह केंग स्वी जन्मले मलाक्क्यात, म्हणजे कॉजवेच्या पलीकडे. उपपंतप्रधान तोह चिन चाय पेराक राज्यातले. सांस्कृतिक मंत्री राजरत्नम वाढले सेरेम्बानमध्ये. सगळी मुळं मलायात. सही करायला क्वालालंपूरला बोलावलं तेव्हा तोह आणि राजरत्नम सही करेनात. ज्या एकत्र देशासाठी राजकारणात आलो तो मोडणाऱ्या कागदावर सही कशी करायची? तुंकूंनी तोह यांना चिठ्ठी पाठवली, की आता दुसरा मार्ग उरलेला नाही. तेव्हा कुठं सह्या झाल्या. आपलं घर परदेशात टाकणारी सही. मी यावर फार विचार केला आहे, त्याचं कारण आता सांगतो.

आमच्या घरची वाटणी १९७८ साली झाली. सातारा जिल्ह्यात आमची थोडी जमीन होती. वडील आणि दोन काका. धाकट्या काकांचं आणि वडिलांचं जमेना. मी घरातला शिकलेला, त्यात इंजिनिअर. कागद मीच लिहिला. एका दुपारी. जमिनीचे तीन तुकडे केले, बांध ठरवले, झाडं मोजली, पुढं रीतसर खातेफोड झाली. विहीर एकच, ती सामायिक ठेवली. प्रत्येकाचा हिस्सा पाच आणे चार पै. नाण्यांतून आणा जाऊन जमाना झाला होता, पण विहिरीच्या हक्कात तो अजून जिवंत आहे. पाण्याच्या पाळ्याही लिहिल्या. एक गोष्ट लिहायची राहिली. मोटार जळाली तर कुणी भरून द्यायची?

ती १९८६ च्या एप्रिलमध्ये जळाली. पाळी धाकट्या काकांची होती म्हणून वडील म्हणाले, त्यानं भरावी. काका म्हणाले, मोटार तिघांची, तिघांनी भरावी. त्या वादात तीन आठवडे गेले आणि तिघांचाही ऊस वाळला. पुढं वडील गेले तेव्हा काका दहाव्याला आले, घाटावर लांब उभे राहिले आणि परत गेले. काकू मात्र सगळ्या काळात कुंपणावरून आईला भाजी देत असायची. म्हणायची, काठी मारल्यानं पाणी दुभंगतं का? दुभंगत नसेलही, पण मोटार दुरुस्त होत नाही, असं मी मनात म्हणायचो. ती एक ओळ न लिहिणारा मीच होतो.

म्हणून सिंगापूरचा तो फारकतीचा कागद वाचला तेव्हा मी आधी पाण्याचं कलम शोधलं. आहे. कायदामंत्री एडी बार्कर यांनी मसुदा केला होता. जोहोरशी १९६१ आणि १९६२ साली पाण्याचे दोन करार झाले होते. ते जोहोर सरकार पाळील याची हमी मलेशिया सरकार घेतं, असं कलम १४ मध्ये लिहिलं आहे. पुढं तो कागद संयुक्त राष्ट्रसंघात नोंदवला गेला. घाईगर्दीत, रात्रीच्या वेळी, कुणाला सुगावा लागू न देता लिहिलेला कागद. पण पाणी विसरले नाहीत.

नऊ ऑगस्टला क्वालालंपूरच्या संसदेत १२६ विरुद्ध शून्य मतांनी घटनादुरुस्ती मंजूर झाली. दुपारी ली पत्रकारांसमोर बसले. सारं तारुण्य आपण या दोन प्रदेशांच्या ऐक्यावर विश्वास ठेवून घालवलं, असं सांगताना त्यांना रडू आलं. चित्रीकरण थांबवावं लागलं. ती चित्रफीत नंतर मी पाहिली. रुमालानं डोळे टिपणारा तो माणूस पुढं कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध झाला, विरोधकांना खटल्याविना वर्षानुवर्षं डांबून ठेवणारा म्हणूनही झाला. ते अश्रू खरे होते का, यावर तिथं अजून वाद घालतात. मला ते खरे वाटतात. पण त्याच वेळी सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये व्यापारी फटाके उडवत होते, हेही लींनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आपला संबंध इथं एका ठिकाणी येतो. नव्या देशाकडे स्वतःचं म्हणावं असं सैन्य जवळपास नव्हतं. लींनी आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना पत्र लिहून सैन्य उभारायला मदत मागितली. शास्त्रीजींनी शुभेच्छा कळवल्या, सैन्याचा उल्लेख केला नाही. पुढच्याच महिन्यात आपण पाकिस्तानशी लढत होतो, तेव्हा त्यांना दोष कसा द्यावा? अखेर इस्राएलचे अधिकारी आले. शेजारच्या मुस्लिम देशांना कळू नये म्हणून त्यांना ‘मेक्सिकन’ म्हणत.

कागदावर फारकत एका रात्रीत झाली. बाकीची व्हायला किती लागली पाहा. पहिली जवळजवळ दोन वर्षं कॉजवेवर पासपोर्ट लागत नव्हता. तपासणी आली १९६७ साली. त्याच वर्षी दोघांनी आपापलं चलन काढलं, पण दोन्ही नोटा एकास एक भावानं दोन्हीकडे चालत. ते १९७३ ला थांबलं. आज एका सिंगापुरी डॉलरला तीन रिंगिटहून जास्त मिळतात. विमान कंपनी एकच होती, ती १९७२ ला फुटली. समुद्रातल्या पेद्रा ब्रांका नावाच्या खडकाचा तंटा हेगच्या न्यायालयात २००८ पर्यंत चालला. खडक सिंगापूरला आणि शेजारचे दोन खडक मलेशियाला!

रेल्वेची गोष्ट सगळ्यात न्यारी. सिंगापूरच्या ऐन मध्यवस्तीला लागून तांजोंग पागार नावाचं स्टेशन होतं, १९३२ सालचं. ते आणि तिथून कॉजवेपर्यंतच्या रुळांखालची जमीन मलेशियाच्या रेल्वेची. ब्रिटिशांच्या काळात ९९९ वर्षांच्या कराराने दिलेली. देश वेगळे झाले, जमीन राहिली. २००४ मध्ये आम्ही त्या स्टेशनातून क्वालालंपूरची गाडी पकडली. फलाटावर जाण्याआधी मलेशियाच्या अधिकाऱ्यांनी आमचे पासपोर्ट पाहिले. मग गाडी सिंगापुरातून अर्धा-पाऊण तास धावली आणि वुडलँड्सला थांबली. तिथं उतरून सिंगापूर सोडल्याची नोंद केली. म्हणजे आम्ही आधी मलेशियात शिरलो आणि नंतर सिंगापुरातून बाहेर पडलो. मधल्या वेळात आम्ही नेमके कुठं होतो? बायको म्हणाली, ‘‘त्रिशंकू.’’ आजूबाजूला रुळांकडेला केळी लावलेल्या, झाडं वाढलेली. तो पट्टा दुसऱ्याच्या मालकीचा असल्यामुळे त्यावर इमारती उठल्या नव्हत्या.

या जमिनीचा पहिला समझोता १९९० साली झाला, त्याच्या अर्थावर वीस वर्षं भांडण चाललं आणि २०१० मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी ते मिटवलं. ३० जून २०११ च्या रात्री तांजोंग पागारहून शेवटची गाडी निघाली. ती चालवली जोहोरच्या सुलतानांनी. कॉजवे बांधला गेला तेव्हा गादीवर त्यांचे पणजोबा होते. मुलगी आणि जावई स्टेशनवर गर्दीत उभे होते. मुलीनं फोनवर सांगितलं, की आजूबाजूला सिंगापूरची म्हातारी माणसं रडत होती. त्यांचा देश एक मोठी जागा परत मिळवत होता आणि ती रडत होती. आता त्या रुळांच्या जागी २४ किलोमीटरचा हिरवा रस्ता केला आहे, लोक सकाळी फिरायला जातात.

पाण्याचं मात्र मिटलेलं नाही. १९६२ च्या कराराप्रमाणे सिंगापूर जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलन पाणी घेऊ शकतं. म्हणजे ११३ कोटी लिटरच्या आसपास. दर, हजार गॅलनला तीन सेन. आपल्याकडच्या अर्ध्या टँकरएवढ्या पाण्याला रुपयाहूनही कमी! मलेशियाचा कुणीही नेता हा आकडा सभेत उच्चारला की टाळ्या पडतात. डॉ. महाथीर यांनी तो १९९८ नंतर आणि पुन्हा २०१८ मध्ये उकरून काढला. दर बदलण्याचा हक्क करारात २५ वर्षांनी दिला होता. सिंगापूर म्हणतं, १९८७ ला तुम्ही तो वापरला नाहीत, गेला. मलेशिया म्हणतं, २५ वर्षांनंतर कधीही वापरता येतो. एका वाक्याचे दोन अर्थ. पण तीन सेनवर बोलणारे एक गोष्ट सांगत नाहीत. शुद्धीकरण केंद्रं आणि नळ सिंगापूरच्या पैशानं झाले, आणि शुद्ध केलेलं पाणी सिंगापूर जोहोरला हजार गॅलनला पन्नास सेननं परत देतं. शुद्ध करायला त्याहून बराच जास्त खर्च येतो, हे सिंगापूरचं म्हणणं मी या धंद्यातला माणूस म्हणून मानायला तयार आहे. उलट, तीन सेन हा दर आज कुठल्याही हिशेबानं पाण्याची किंमत नाही, हेही मला दिसतं.

लींनी लिहून ठेवलं आहे, की फारकतीच्या दिवशीच तुंकू ब्रिटिश उच्चायुक्तांजवळ बोलले होते, सिंगापूर वाकडं वागलं तर जोहोरचं पाणी बंद करता येईल. ही भीती त्या देशाच्या हाडात शिरली. त्यांनी बेटावर पडणारा पाऊस तलावांत साठवला, नदीचं मुख २००८ मध्ये बांध घालून अडवलं, सांडपाणी पिण्याइतकं शुद्ध करून २००३ पासून वापरायला घेतलं, समुद्राचं पाणी गोडं करण्याचे कारखाने काढले. २०११ मध्ये पहिला पाणी-करार संपला तेव्हा त्यांनी तो पुढं चालू ठेवला नाही. पंपघरं जोहोरला देऊन टाकली. आपली पालिका गळती शोधायला टाळाटाळ करते, तेव्हा मला नेहमी वाटतं, हिला जरा एखादा भांडखोर शेजारी हवा होता.

मुलीकडे २०१९ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा एका टॅक्सीवाल्याशी गप्पा झाल्या. सत्तरीपुढचा तमिळ गृहस्थ. मूळ सेरेम्बानचा, १९६४ मध्ये कामासाठी सिंगापूरला आला. तो म्हणाला, ‘‘मी परदेशी कधी गेलोच नाही. मी होतो तिथंच होतो. देश हलला.’’ त्यानं सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं, बहीण सेरेम्बानला राहिली. दर दिवाळीला तो जायचा. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मलेशियानं सीमा बंद केली. त्याआधी कॉजवेवरून रोज तीन लाखांवर माणसं ये-जा करत. ती एका रात्रीत अडकली. पलीकडे राहून अलीकडे काम करणारे हजारो कामगार पोराबाळांपासून दोन वर्षं तुटले. जमिनीवरची ये-जा पूर्ववत झाली ती १ एप्रिल २०२२ ला. तो गृहस्थ बहिणीला भेटला का, ते मला कळायला मार्ग नाही. त्याचा फोन नंबर घ्यायचा राहिला.

सिंगापूरच्या फारकतीला २०२५ मध्ये साठ वर्षं झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत दोन्ही देशांनी जोहोरमध्ये सामायिक आर्थिक क्षेत्र करण्याच्या करारावर सह्या केल्या. भांडवल सिंगापूरचं, जमीन आणि माणसं जोहोरची, असा साधारण बेत. १९६३ मध्ये जी सामायिक बाजारपेठ मिळाली नाही म्हणून भांडले, तिचीच ही धाकटी बहीण म्हणायची. खाडीवरून नवा रेल्वेमार्गही त्यांनी हाती घेतला. त्यात दोन्ही देशांची तपासणी गाडीत बसण्याआधी एकाच ठिकाणी करायची योजना आहे. तांजोंग पागारचं त्रिशंकूपण आता सोय म्हणून परत येतं आहे.

२०२४ मध्ये आम्ही पुन्हा गेलो होतो. आता वय झालं, वारंवार जाणं होत नाही. परतीच्या आधी मला जोहोरला जायचं होतं. मुलीच्या मराठी मैत्रिणी शनिवारी तिकडे वाणसामान आणायला जातात, स्वस्त पडतं. पेट्रोलही स्वस्त, म्हणून सिंगापूरनं नियम केला आहे की निघताना गाडीची टाकी पाऊण तरी भरलेली हवी! आम्ही रात्र तिकडे काढली आणि पहाटे पाच वाजता परतीच्या बसमध्ये बसलो. बसमध्ये शाळेच्या गणवेशातली मुलं होती. राहायला जोहोरला, शाळा सिंगापूरला. रोज पहाटे उठतात, पासपोर्ट दाखवतात, शाळेत जातात. माझ्या शेजारी दहाएक वर्षांचा एक मुलगा दप्तर मांडीवर घेऊन झोपला होता, डोकं माझ्या खांद्यावर. बस कॉजवेवर आली. अंधार होता, पण कडेचे नळ दिव्यांच्या उजेडात दिसत होते. पाण्याचा करार २०६१ साली संपतो. मी हिशेब केला. तेव्हा हा मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा असेल.

तपासणी नाका आला, दिवे लागले. मी त्याला हळूच हलवून उठवलं.